बॉयलरचा ‘घोडा’ मोजायचा कसा?
एकाच बॉयलरची अश्वशक्ती तीन हिशेबांनी तीन येते. त्यावर चालवणाऱ्याचा परवाना ठरतो, आणि पुष्कळदा माणसाचा जीवही.



आपल्या विहिरीवर पाच एच.पी.ची मोटार असते. ती किती पाणी उपसणार, किती वीज खाणार, याचा अंदाज आपल्याला तोंडपाठ असतो. मोटारीच्या पाटीवर पाच लिहिले म्हणजे पाच, त्यात वाद नाही. पण उद्या गावात हळद शिजवायला, काजू बी वाफवायला, उकडा तांदूळ करायला किंवा दूध तापवायला बॉयलर आला आणि त्याच्या पाटीवर ‘पाच हॉर्सपॉवर’ असे दिसले, तर तो आकडा मोटारीच्या आकड्यासारखा धरू नका. नाव एकच असले तरी ही दोन मापे अगदी वेगळी आहेत.

बॉयलर हॉर्सपॉवर हे माप मूळ अमेरिकेचे. तिथल्या अनेक राज्यांत आणि शहरांत बॉयलर कोणी चालवायचा याचा परवाना या मापावर ठरत आला आहे. माप कसे जन्मले, परवान्यासाठी ते कसे मोजतात आणि त्यातून आपण काय घ्यायचे, ते आज पाहू. आपल्याकडे सहकारी कारखान्यापासून शेतकरी उत्पादक कंपनीच्या छोट्या युनिटपर्यंत वाफेचा वापर वाढतो आहे. तेव्हा हा विषय दूरदेशीचा असला तरी आपल्या बांधापर्यंत येणारा आहे.

आधी घोडा समजून घ्या

अश्वशक्ती हे माप जेम्स वॉट यांनी रूढ केले. मिनिटाला सुमारे साडेचार हजार किलो वजन एक मीटर उचलण्याइतके काम म्हणजे एक अश्वशक्ती. विजेच्या भाषेत ७४६ वॉट. हे काम इंजिनाचे, मोटारीचे. बॉयलर स्वतः काहीच उचलत नाही, काही फिरवत नाही. तो फक्त पाण्याची वाफ करतो. मग त्याला अश्वशक्ती कुठून आली?

त्याचे असे झाले. एकोणिसाव्या शतकात कारखानदार बाजारात जाई आणि म्हणे, ‘माझे इंजिन पन्नास घोड्यांचे आहे, त्याला पुरेल असा बॉयलर द्या.’ विकणारा देई तो ‘पन्नास घोड्यांचा बॉयलर’. म्हणजे पन्नास घोड्यांच्या इंजिनाला पुरेल इतकी वाफ करणारा. पण इंजिने सारखी नव्हती. वॉटच्या काळी एका अश्वशक्तीमागे तासाला सुमारे एक घनफूट, म्हणजे २८ लिटरभर पाण्याची वाफ लागे. पुढे इंजिने सुधारली, तसतसा वाफेचा खर्च कमी झाला. मग पन्नास घोड्यांचा बॉयलर म्हणजे नेमका केवढा, यावर घेणारा आणि देणारा यांच्यात तंटे होऊ लागले.

१८७६ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याला शंभर वर्षे झाली म्हणून फिलाडेल्फिया शहरात मोठे प्रदर्शन भरले. तिथे १४०० अश्वशक्तीचे कॉर्लिस इंजिन यंत्रशाळेतली सारी यंत्रे फिरवीत होते. निरनिराळ्या कंपन्यांचे बॉयलरही तिथे परीक्षेला होते. त्यांची तुलना करायची तर एकच पट्टी हवी, म्हणून परीक्षकांनी ठरवले की चांगल्या इंजिनाला एका अश्वशक्तीमागे तासाला ३० पौंड वाफ लागते. त्यावरून, १०० अंश फॅरनहाइटचे पाणी घालून ७० पौंड दाबाची ३० पौंड वाफ जो तासाला करील, तो एक अश्वशक्तीचा बॉयलर.

पुढे अमेरिकेतल्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेने हेच माप सोप्या भाषेत बसवले. उकळत्या पाण्याची, म्हणजे १०० अंश सेल्सिअसला असलेल्या पाण्याची, त्याच तापमानाची साडेचौतीस पौंड वाफ तासाला करणे म्हणजे एक बॉयलर हॉर्सपॉवर. आपल्या मापात १५.६५ किलो वाफ. उष्णतेच्या मापात तासाला सुमारे ८,४३५ किलोकॅलरी. विजेच्या मापात ९.८१ किलोवॉट.

आता मोटारीशी ताडून पाहा. मोटारीचा एक घोडा पाऊण किलोवॉटचा, बॉयलरचा एक घोडा जवळजवळ दहा किलोवॉटचा. म्हणजे बॉयलरचा एक घोडा मोटारीच्या तेरा घोड्यांना भारी! पाच हॉर्सपॉवरचा बॉयलर तासाला ७८ किलो पाण्याची वाफ करतो. कोरड्या लाकडावर चालवला तर साधारण पंचवीस किलो सरपण तासाला लागेल. आजच्या टर्बाइनला एका अश्वशक्तीमागे त्या जुन्या हिशेबाच्या अर्धीही वाफ लागत नाही. इंजिने बदलली, पण बॉयलरच्या पाटीवरचे माप १८७६ चेच राहिले.

परवान्यासाठी वेगळा हिशेब का?

अमेरिकेत बॉयलर चालवणाऱ्या परवानाधारकाला ‘ऑपरेटिंग इंजिनिअर’ किंवा ‘स्टेशनरी इंजिनिअर’ म्हणतात. इथे इंजिनिअर म्हणजे कॉलेजची पदवी घेतलेला माणूस नव्हे. भट्टीजवळ उमेदवारी करून, परीक्षा देऊन, परवाना मिळवलेला कामगार तो. सगळ्या देशाला एकच परवाना तिथे नाही. काही राज्यांत आहे, काही ठिकाणी फक्त शहराचा आहे, आणि प्रत्येकाने वर्ग वेगवेगळे पाडले आहेत. पण तत्त्व बहुतेक ठिकाणी एकच. लहान बॉयलरला खालच्या वर्गाचा माणूस चालेल, मोठ्याला वरच्या वर्गाचा हवा.

आता लहान कुठला आणि मोठा कुठला, हे कोण ठरवणार? पाटीवरचा आकडा विकणाऱ्याने घातलेला असतो. विकताना तो मोठा दाखवण्यात फायदा, आणि परवान्याच्या वेळी लहान दाखवण्यात. म्हणून काही कायद्यांनी पाटी बाजूला ठेवून हातात मोजपट्टी घेतली. त्यातले दोन हिशेब समजून घेण्यासारखे आहेत.

पहिला हिशेब तापणाऱ्या क्षेत्रफळाचा. ज्या पत्र्याच्या आणि नळ्यांच्या एका अंगाला आग किंवा धूर आणि दुसऱ्या अंगाला पाणी असते, त्याला तापणारे क्षेत्रफळ म्हणतात. मिनेसोटा राज्याच्या परवाना कायद्याने दहा चौरस फूट तापणारे क्षेत्रफळ म्हणजे एक अश्वशक्ती असे धरले. हा आकडा हवेतून आलेला नाही. जुन्या विटकामातल्या बॉयलरमध्ये दहा-बारा चौरस फुटांमागे साधारण साडेचौतीस पौंड वाफ निघत असे.

दुसरा हिशेब जाळीचा. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या कायद्यात भट्टीच्या जाळीचे क्षेत्रफळ धरले गेले. कारखान्याच्या बॉयलरला जाळीच्या एका चौरस फुटामागे तीन अश्वशक्ती, आणि फक्त इमारत गरम ठेवण्यासाठी असलेल्या बॉयलरला दीड. विचार साधा होता. जितकी जाळी मोठी तितका कोळसा जास्त, आणि जितका कोळसा जास्त तितकी वाफ जास्त. त्या कायद्याप्रमाणे तिसऱ्या वर्गाच्या इंजिनिअरला सगळे बॉयलर मिळून १५० अश्वशक्तीपर्यंतच सांभाळता येत. ‘सगळे मिळून’ हे शब्द ध्यानात ठेवा. म्हणजे शंभर-शंभरचे दोन बॉयलर शेजारी बसवून ‘प्रत्येक लहानच आहे’ अशी पळवाट काढता येत नाही.

एक बॉयलर, तीन आकडे

आता एक हिशेब मांडून पाहू. समजा, एक नळ्यांचा बॉयलर आहे. त्याचे तापणारे क्षेत्रफळ ५०० चौरस फूट, भट्टीची जाळी २० चौरस फूट, आणि तो तासाला ३,४५० पौंड वाफ करतो.

वाफेवरून मोजले तर ३,४५० भागिले साडेचौतीस, म्हणजे १०० अश्वशक्ती. पाटीवर हाच आकडा असेल.

तापणाऱ्या क्षेत्रफळावरून मोजले तर ५०० भागिले १०, म्हणजे ५० अश्वशक्ती.

जाळीवरून मोजले तर २० गुणिले ३, म्हणजे ६० अश्वशक्ती. तोच बॉयलर नुसता इमारत तापवायला लावला तर ३० अश्वशक्ती.

बॉयलर तोच, पाणी तेच, आग तीच. आकडे मात्र शंभर, साठ, पन्नास आणि तीस. यात खोटे कोणी बोललेले नाही. प्रत्येकाने वेगळी गोष्ट मोजली आहे. पहिल्याने निघालेली वाफ मोजली, दुसऱ्याने तापणारा पत्रा, तिसऱ्याने आगीची जागा.

इतका फरक का पडला? कारण आजचे बंदिस्त बॉयलर पूर्वीपेक्षा जोराने चालतात. बर्नर आणि पंखे यांच्या बळावर आज पाच चौरस फुटांतच एक अश्वशक्ती काढणारे बॉयलर सर्रास मिळतात. शंभर वर्षांपूर्वीच्या दहा फुटांच्या हिशेबाने ते निम्मेच भरतात. आणि ज्याला तेलाचा किंवा गॅसचा बर्नर आहे, त्याला जाळीच नसते. विजेच्या बॉयलरला तर आगही नाही. अशा ठिकाणी उष्णतेवरून किंवा किलोवॉटवरूनच हिशेब काढावा लागतो.

म्हणून परवान्याचा अर्ज भरताना विचारायचा पहिला प्रश्न हा की, ‘तुमचा कायदा कुठली अश्वशक्ती धरतो?’ ५० घोड्यांपर्यंतचा परवाना असलेला माणूस हा बॉयलर चालवू शकतो की नाही, याचे उत्तर एका हिशेबाने ‘हो’ आणि दुसऱ्या दोन हिशेबांनी ‘नाही’ येते.

अश्वशक्ती काय सांगत नाही

मंडळी, एवढे सगळे गणित करूनही एक गोष्ट उरतेच. अश्वशक्तीचा आकडा बॉयलर किती वाफ करील ते सांगतो. तो फुटेल की नाही, ते सांगत नाही.

बॉयलरमधला धोका साठवलेल्या तापलेल्या पाण्यात असतो. दाबाखाली पाणी १०० अंशाला उकळत नाही. सात किलो दाबाला ते सुमारे १७० अंशापर्यंत पाणीच राहते. पत्रा फाटला की दाब एका क्षणात जातो आणि त्या पाण्याचा मोठा हिस्सा तिथल्या तिथे वाफ होतो. साध्या हवेच्या दाबाला एक लिटर पाण्याची वाफ सुमारे सोळाशे लिटर जागा मागते. तेवढी जागा ती भिंती पाडून घेते. बॉयलर पाच घोड्यांचा असो की पन्नास, आतले पाणी आणि दाब हेच खरे बघायचे.

मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रॉकटन गावी २० मार्च १९०५ रोजी सकाळी एका बूट कारखान्याचा बॉयलर फुटला. चार मजली इमारत कोसळून पेटली आणि ५८ माणसे गेली. पत्रे एकावर एक ठेवून जिथे रिव्हेट मारले होते, त्या सांध्याच्या आत चीर गेली होती. ती बाहेरून दिसणारी नव्हती. त्यानंतर त्या राज्याने बॉयलर कसा बांधावा याचे नियम १९०७ मध्ये केले, आणि त्याच वाटेने पुढे सगळ्या अमेरिकेसाठी बॉयलर बांधणीची संहिता तयार झाली. यातून तिथले लोक हे शिकले की चालवणाऱ्याचा परवाना, बांधणीचे नियम आणि वेळच्या वेळी तपासणी ही तीन पायांची तिवई आहे. एक पाय मोडला की तिवई उभी राहत नाही.

‘शेतीचे आहे, सोडून द्या’

आपल्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा भाग पुढे आहे. मॅसॅच्युसेट्सच्या त्याच कायद्यात परवान्यातून काही सुटी दिलेल्या होत्या. नऊ अश्वशक्तीच्या आतले बॉयलर सोडले होते. पंधरा पौंड दाबाच्या वर जाऊच शकणार नाहीत असे इमारत तापवायचे बॉयलर सोडले होते. आणि केवळ शेतीच्या कामासाठी वापरले जाणारे बॉयलरही सोडले होते.

शेतीला सूट देण्यामागे कारण होते. अमेरिकेत गव्हाच्या मळणीसाठी वाफेची चाकावरची इंजिने शेतोशेती फिरत. ती शेतकरी स्वतःच चालवी. तो हंगामापुरता इंजिनिअर. त्याला शहरात जाऊन परीक्षा दे म्हणणे सरकारला जड वाटले. पुढे ट्रॅक्टर आले आणि वाफेची इंजिने जत्रेत, प्रदर्शनात दाखवण्यापुरती उरली. पण बऱ्याच ठिकाणी सूट तशीच राहिली.

२९ जुलै २००१ रोजी ओहायो राज्यातल्या मदायना परगण्याच्या जत्रेच्या मैदानावर ११० अश्वशक्तीचे असेच एक जुने केस कंपनीचे शेती-इंजिन फुटले. पाच माणसे मेली, पन्नासच्या आसपास जखमी झाली. तपासात निघाले की भट्टीच्या माथ्यावरचा पत्रा झिजून पातळ झाला होता आणि त्यावरचे पाणी उतरले होते. त्या इंजिनांना तेव्हा तिथे सरकारी तपासणीचे बंधन नव्हते. हा अपघात झाल्यावर ओहायोने जुन्या बॉयलरची तपासणी आणि चालवणाऱ्याचा परवाना यांसाठी कायदा केला. मिनेसोटानेही अशा शेती-इंजिनांच्या चालकांसाठी वेगळा परवाना ठेवलेला आहे.

अर्थ एवढाच की कायद्यातून सुटलेला बॉयलर धोक्यातून सुटत नसतो. पत्र्याला कुठे ठाऊक असते की आपण शेतीच्या कामाला आहोत?

आपल्याकडचा हिशेब

आपल्या देशात १८६३ मध्ये कलकत्त्यात बॉयलर फुटून माणसे दगावली आणि १८६४ मध्ये बंगालमध्ये पहिला कायदा झाला. पुढे प्रांताप्रांतांचे कायदे एक करून १९२३ चा भारतीय बॉयलर कायदा आला. शंभर वर्षांनी, २०२५ मध्ये, संसदेने त्याच्या जागी नवा बॉयलर कायदा केला. महाराष्ट्रात हे काम बाष्पके संचालनालय बघते. सरकारी कागदावर ‘बाष्पक’ लिहिलेले दिसले तर गोंधळू नका, बाष्पक म्हणजेच बॉयलर.

आपल्याकडे परवान्यासाठी अश्वशक्ती धरत नाहीत. आपण थेट तापणारे क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये धरतो. नोंदणीच्या कागदावर ‘बॉयलर रेटिंग’ म्हणून येतो तो हाच आकडा. २०११ च्या केंद्रीय नियमांनी बॉयलर अटेंडंटचे पहिला आणि दुसरा असे वर्ग ठेवले. दुसऱ्या वर्गाला क्षेत्रफळाची मर्यादा घातली, आणि एकूण १००० चौरस मीटरच्या वर गेल्यास बॉयलर ऑपरेशन इंजिनिअरचे प्रमाणपत्र असलेला माणूस थेट देखरेखीला हवा असे सांगितले. मिनेसोटाच्या दहा चौरस फुटांच्या हिशेबाने १००० चौरस मीटर म्हणजे सुमारे १,०७६ अश्वशक्ती. साखर कारखान्यांचे मोठे बॉयलर या गटात येतात.

सुटीची मर्यादाही ताडून पाहा. २००७ च्या दुरुस्तीपासून आपल्याकडे २५ लिटरपेक्षा कमी मापाचे भांडे, एक किलोपेक्षा कमी दाबाचे भांडे, किंवा ज्यात पाणी १०० अंशाच्या खालीच तापते ते भांडे बॉयलर धरले जात नाही. अमेरिकेतला पंधरा पौंड दाब म्हणजे आपला एक किलो आणि वर थोडेसे. दोन्ही देशांनी रेघ जवळजवळ एकाच ठिकाणी ओढली आहे.

आता सांगली, सातारा, हिंगोली, नांदेड, वाशीम भागातल्या हळदीच्या शेतकऱ्यांनी इकडे लक्ष द्यावे. पूर्वी काहिलीत पाला झाकून हळद शिजे. आता चाकावरचा बॉयलर, बाजूला ड्रम, आणि वाफेवर शिजवणी. वेळ वाचतो, सरपण वाचते, हळद एकसारखी शिजते. चांगलेच आहे. पण ते यंत्र एक किलो दाबाच्या आतले म्हणून बनवलेले असेल, तर ते त्या दाबाच्या आतच राहिले पाहिजे. ‘लवकर शिजेल’ म्हणून सेफ्टी व्हॉल्व्हवर वजन टांगले, तारेने बांधले, की तो सुटीतला बॉयलर राहिला नाही. तो कायद्यातला बिनपरवाना बॉयलर झाला आणि आसपासच्या दहा माणसांच्या जिवावरचा धोका झाला. सेफ्टी व्हॉल्व्हशी छेडछाड करणे हा गुन्हा आहे, हेही ध्यानात असू द्या.

आपल्या यंत्राचे तापणारे क्षेत्रफळ तुम्हाला स्वतः काढता येते. समजा, धुराच्या २० नळ्या आहेत, आतला व्यास ५ सेंटिमीटर, लांबी दीड मीटर. ३.१४ गुणिले ०.०५ गुणिले १.५ गुणिले २०, म्हणजे ४.७१ चौरस मीटर. भट्टीभोवतीचा पाण्याला लागून असलेला पत्रा समजा १.२ चौरस मीटर. एकूण सुमारे ५.९ चौरस मीटर. दहा चौरस फूट म्हणजे ०.९३ चौरस मीटर, म्हणून अमेरिकेच्या जुन्या हिशेबाने हा सहा-साडेसहा अश्वशक्तीचा बॉयलर, तासाला शंभर किलोच्या आसपास वाफेचा. विकणारा त्याच यंत्राला ‘तासाला पाचशे किलो’ म्हणत असेल, तर काहीतरी गफलत आहे असे समजा आणि लेखी विचारा.

घेण्याआधी, चालवण्याआधी

गट, उत्पादक कंपनी किंवा ग्रामपंचायत यांनी बॉयलर घेताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

१. नुसती अश्वशक्ती किंवा नुसते ‘एक टनी’ यावर भरवसा नको. तीन आकडे लेखी मागावेत : तासाला किती किलो वाफ, तापणारे क्षेत्रफळ किती चौरस मीटर, आणि चालवायचा दाब किती.

२. ‘एक टन’ हा आकडा बहुधा १०० अंशाच्या पाण्याची १०० अंशाची वाफ या हिशेबाचा असतो. बाजारात त्याला ‘एफ अँड ए १००’ म्हणतात. असा एक टनी बॉयलर म्हणजे सुमारे ६४ बॉयलर हॉर्सपॉवर. आपण विहिरीचे ३० अंशाचे पाणी घालून सात किलो दाबाची वाफ काढली, तर टनाऐवजी साडेआठशे किलोच्या आसपासच हाती येते. गरज त्यावरून ठरवावी.

३. बॉयलर कायद्यात बसत असेल तर त्याला नोंदणी क्रमांक हवाच. महाराष्ट्रातल्या क्रमांकाची सुरुवात ‘एमआर’ या अक्षरांनी होते. तो बॉयलरवर कोरलेला असतो. कागदावरचा आणि लोखंडावरचा क्रमांक जुळतो का ते पाहावे. वापराचे प्रमाणपत्र साधारण बारा महिन्यांपुरते असते. त्याची तारीख वाचावी.

४. जुना बॉयलर भंगाराच्या भावात मिळतो म्हणून घेऊ नये. रंग नवा असला तरी आतला पत्रा नवा होत नाही. ब्रॉकटनची चीर आणि मदायनाचा झिजलेला पत्रा दोन्ही बाहेरून दिसले नव्हते.

५. चालवणाऱ्याचे प्रमाणपत्र कुठल्या वर्गाचे आणि ते आपल्या बॉयलरच्या क्षेत्रफळाला पुरते का, ते तपासावे. दोन बॉयलर जोडले असतील तर बेरीज करावी. परवाना मालकाच्या कपाटात असून उपयोग नाही, परवान्याचा माणूस भट्टीपाशी हवा.

६. बॉयलर सुटीतला असला तरी पाण्याची काच, दाबाचे घड्याळ आणि सेफ्टी व्हॉल्व्ह या तीन गोष्टी रोज आग पेटवण्याआधी पाहाव्यात. चालू असताना पाणी काचेतून दिसेनासे झाले तर एकदम थंड पाणी सोडू नये. आधी आग ओढून काढावी, माणसे दूर न्यावीत आणि बॉयलर आपोआप निवू द्यावा. तापून लाल झालेल्या पत्र्यावर पाणी सोडणे म्हणजे संकटाला आमंत्रण.

७. चालू बॉयलरभोवती बायाबापड्यांनी हळद निवडत बसू नये, पोरांना शेकायला पाठवू नये. ड्रम आणि बॉयलर यांच्यात जागा ठेवावी.

गावपातळीवरच्या अधिकाऱ्यांना आणि सरपंचांना एक विनंती. फेब्रुवारी-मार्चमध्ये हळदीची शिजवणी सुरू होण्याआधी गावात येणाऱ्या फिरत्या बॉयलरवाल्यांची एक यादी करा. बनवणारा कोण, दाब किती, सेफ्टी व्हॉल्व्ह चालतो का, एवढे तीन रकाने पुरेत. शंका आली तर बाष्पके संचालनालयाच्या जवळच्या कार्यालयाला कळवा. अपघात झालाच तर लपवू नका. जुन्या कायद्याने त्याची खबर देण्यास २४ तासांची मुदत घातली होती, तीच सवय ठेवा.

बॉयलर हॉर्सपॉवरच्या या दीडशे वर्षांच्या हिशेबातून एकच गोष्ट घ्यायची. आकडा विचारताना तो कशाचा आकडा आहे, हे आधी विचारा. वाफेचा, पत्र्याचा की जाळीचा? ज्याला याचे उत्तर देता येत नाही, त्याच्याकडून बॉयलर घेऊ नये, आणि त्याच्या हाती तो चालवायला देऊही नये.